गाणी नव्हेत, तत्त्वं

ग्रंथालय समितीच्या अध्यक्षांनी नरसव्वाला फसवलं, आणि तेही माझ्या तोंडून फसवलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला पुस्तकांच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं होतं. गमती आहेत, त्याही लिहिते. पण वरचं वाक्य आधी कागदावर उतरल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना. नरसव्वा कोण आणि अध्यक्षांनी काय केलं, हे कळण्यासाठी थोडं मागून सांगावं लागेल.

मी मूळची मोहोळची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा आमच्या ह्यांचं जुन्या पाठ्यपुस्तकांचं दुकान होतं. हे स्वभावाने इतके मऊ, की गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर ते मान्य करून वर पिशवीही द्यायचे. दुकान बंद पडायच्या बेतात आलं तेव्हा मी गल्ल्यावर बसले आणि ह्यांना मागे खुर्ची टाकून वर्तमानपत्र दिलं. तेव्हापासून दुकान आणि संसार दोन्ही नीट चालले आहेत. पुढे मी कॉलेजच्या ग्रंथालयांना पुस्तकं पुरवायला लागले. माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंत मला ‘पुस्तकवाल्या बाई’ म्हणून ओळखतात. एका कॉलेजात मी जिना चढताना दिसले की लेखा विभागातला कारकून जेवायला निघून जातो, मग सकाळ का असेना. माझं तोंड तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. ते तसं नसतं तर मी अजून जुनी गाईडं पुसत बसले असते.

तर एका संस्थेच्या खासगी विद्यापीठाने तत्त्वज्ञानाचा विभाग काढला. विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही. विभाग काढला, फलक लावला, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ग्रंथालयात तत्त्वज्ञानाची पुस्तकंच नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय, पुस्तकं विकत घ्यायची. तसं नसतं. मार्च महिन्यात ग्रंथालयांना मंजूर रक्कम संपवायची घाई असते आणि आम्हा पुरवठादारांना गोदाम रिकामं करायची. दोघांची घाई जुळली की कुठलंही पुस्तक कुठेही जातं. त्यात तत्त्वज्ञानाची एक खास अडचण आहे. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर विषयाचा एक आकडा चिकटवतात, त्याला वर्गांक म्हणतात. या आकड्यांच्या व्यवस्थेत तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र एकाच शंभरीत येतात. त्यामुळे ‘यशस्वी कसे व्हावे’, ‘स्मरणशक्ती वाढवा’, ‘लोकांवर छाप पाडा’ असली पुस्तकं तत्त्वज्ञानाच्या शंभरीत सुखाने घुसतात, आणि आकडेवारीत तत्त्वज्ञानाचा संग्रह वाढलेला दिसतो. माझ्या आधी दोन पुरवठादारांनी नेमकं हेच केलं होतं. ग्रंथपाल माने यांनी त्यांचे खोके न उघडता परत पाठवले आणि मला बोलावलं.

माने हे हळू बोलणारे गृहस्थ. इतके हळू, की भांडताना मला त्यांचा राग यायचा, कारण माझाच आवाज खोलीभर व्हायचा. ते म्हणाले, “बाई, मला दिसायला भरलेली कपाटं नकोत. इथं येऊन माणसाचं डोकं दुखलं पाहिजे.”

मी म्हटलं, “सर, डोकं दुखवायचं काम माझ्याकडे लागलं.”

पहिला मोठा हात मारला तो एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी. प्राध्यापक वारले होते. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, घराच्या तीन भिंती पुस्तकांनी भरलेल्या. मुलगा पुण्याला नोकरीला, घर विकायला निघालेला. त्याची अट अशी, की विद्यापीठाने दालनाला वडिलांचं नाव द्यावं आणि तैलचित्र लावावं. नाहीतर पुस्तकं रद्दीत घालीन, पण अशी देणार नाही.

अशा घरी घासाघीस कशी करतात ते सांगते. तिथे भावाचं बोलायचंच नाही. माणूस गेलेल्या घरात भाव काढला की वारस चिडतात आणि किंमत चढते. तिथे पुस्तक उघडायचं. मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं. समासात पेन्सिलीने प्राध्यापकांचं भांडण चाललेलं. एका ठिकाणी ‘साफ चूक’. दुसऱ्या ठिकाणी ‘हे मी मान्य करणार नाही’. आणि बाहेरचं जग खरोखर आहे की आपल्या मनातच आहे, असा गंभीर वाद जिथे रंगला होता, तिथे शेजारी लिहिलेलं, ‘येताना दूध आणणे’. मी ते मुलापुढे धरलं. तो वाचून आधी हसला, मग खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मी म्हटलं, “तैलचित्राकडे कोण बघत नाही दादा, दोन वर्षांत त्याच्यावर कोळ्याची जाळी धरत्यात. हे समास मी खोडू देत नाही, हा माझा शब्द. पोरं पुस्तक उघडतील तेव्हा तुमचे वडील त्यांच्याशी भांडतील. आणखी काय पाहिजे?”

सगळी पुस्तकं मिळाली. मान्यांनी शब्द पाळला, एकही पेन्सिलीची रेघ पुसली नाही. आज त्या समासांत विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांना उत्तरं लिहायला सुरुवात केली आहे. ग्रंथालयाच्या नियमात ते बसत नाही. माने तिकडे बघत नाहीत.

त्यानंतर मान्यांनी माझ्यापाशी दुसरा विषय काढला. म्हणाले, मराठी आहे, इंग्रजी आहे, संस्कृतही येईल. पण या गावात लोक तेलुगू बोलतात, कन्नड बोलतात, उर्दू बोलतात. ते काय विचार करत नाहीत? कन्नड पुस्तकांसाठी मी अक्कलकोटकडे फिरले, उर्दूसाठी शहरातल्या एका मौलवींच्या ओसरीवर बसून तीन वेळा सरबत प्यायले. त्या दोन्ही कथा मोठ्या आहेत, पुन्हा कधीतरी. तेलुगूसाठी मी पूर्व भागात गेले.

पूर्व भाग म्हणजे सोलापुरातल्या तेलुगू विणकरांची वस्ती. घराघरात माग किंवा मागाची आठवण. एका चहाच्या टपरीवर मी विचारलं, “तेलुगूतली तत्त्वज्ञानाची पुस्तकं कुणाकडं मिळतील?” टपरीवाल्याने शेजाऱ्याला तेलुगूत काहीतरी विचारलं. दोघांचं एकमत झालं. “तत्त्वालु? नरसव्वाकडं जावा की. तिच्या मालकाकडं लई तत्त्वं होती.”

मला वाटलं, मोठंच घबाड लागलं.

नरसव्वाचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. ती पडवीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. वय सत्तरीच्या आसपास, कपाळावर मोठ्या कुंकवाएवढं गोंदण, बोटं सारखी चाललेली. मी आल्याचं कारण सांगितलं. ती उठली, आतून एक कापडात बांधलेला गठ्ठा आणला. पातळ छापील पुस्तिका, वेगवेगळ्या गावच्या छापखान्यांतल्या, मागाच्या दोऱ्याने चार-पाच-चार-पाच एकत्र शिवलेल्या. मला तेलुगू वाचता येत नाही. पण ओळी लहान, कडवी पाडलेली, मधे ध्रुपद. पान बघूनच कळत होतं की ही गाणी आहेत.

तेव्हा मला झाल्या घोटाळ्याचा उलगडा झाला. तेलुगूत एका प्रकारच्या गाण्यांनाच ‘तत्त्वं’ म्हणतात. देह काय, मन काय, मेल्यावर उरतं काय, असल्या गोष्टींची ती गाणी एकतारीवर म्हणतात. मी विचारलं तत्त्वज्ञान, टपरीवाल्याने ऐकलं तत्त्व. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

मी म्हटलं, “आक्का, ही भजनं झाली. मला भजनं नको होती.”

नरसव्वाने गठ्ठा ओढून घेतला. “मग जावा.”

मी गेले नाही. गिऱ्हाईक ‘जा’ म्हणतं तेव्हा खरी बोलणी सुरू होतात, हे मी धंद्यात शिकले आहे. मी पडवीच्या पायरीवर बसले. ती विड्या वळू लागली. बऱ्याच वेळाने तिने आत बघून सुनेला चहा सांगितला, म्हणजे पहिला डाव माझा झाला. चहा पिता पिता तिने सांगितलं, की तिचा नवरा मागावर काम करायचा आणि रात्रपाळी नसली की चार जण जमवून तत्त्वं म्हणायचा. त्याच्या धाकट्या भावाला ते आवडायचं नाही. भाऊ घर बांधून बसला, ही दोघं भाड्याच्या खोलीत. भाऊ येता जाता म्हणायचा, दादा गाणी म्हणतो, गाणी म्हणून कुणाचं पोट भरतं? आणि नवरा प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायचा, गाणी नव्हेत, तत्त्वं आहेत. नवरा मरेपर्यंत दोघा भावांचा हा वाद मिटला नाही.

मी एका पानावर बोट ठेवून अर्थ विचारला. तिने आधी ते गुणगुणलं, मग मराठीत सांगितलं. घर ज्याने बांधलं तो घरातच हरवला आहे, खोल्या सगळ्या बघून झाल्या, आता बघणाऱ्याला कोण बघणार, असं काहीतरी. मला खरं सांगायचं तर नीट कळलं नाही. पण माझं डोकं दुखायला लागलं, आणि मान्यांना तेच तर हवं होतं.

मी पुस्तकं मागितली. पैशाचं बोलताच तिने हात आडवा केला.

“पैसा नको. पैसा घेतला तर दीर बोलतोय, गाणी विकली. दोन गोष्टी पायजे. भजनात ठेवायचं नाय. मोटी माणसं डोकं लावून पुस्तक लिवतेत की, तितं ठेवायचं. आनी कुणीबी आलं, हातात द्यायचं. कपाटाला कुलूप नाय.”

“आणि तसं नाही झालं तर?”

“तर आताच चुलीत घालते. मला पाठ हाय सगळं.”

मी आयुष्यात अनेक मोठ्या वितरकांना जेरीस आणलं आहे. या बाईपुढे माझी मात्रा चालली नाही. तिला काही विकायचंच नव्हतं, मग पाडणार काय?

आता माझी घासाघीस विद्यापीठात सुरू झाली. कुठलं पुस्तक कुठल्या विषयात, हे खरं म्हणजे ग्रंथपालाने ठरवायचं. पण देणगी आली की ती ग्रंथालय समितीपुढे जाते. समितीचे अध्यक्ष बोलण्यात गोड, कपड्यांत कडक. नरसव्वाकडून दाखवण्यापुरत्या मागून आणलेल्या दोन-चार पुस्तिका त्यांनी चाळल्या आणि लोकगीतांच्या विभागात टाका म्हणून सांगितलं. मी म्हटलं, लोकगीतात टाकायची असतील तर परत न्यायला मी रिक्षा बाहेरच उभी केली आहे. माने हळूच म्हणाले, की संस्कृतातलं तत्त्वज्ञानही पुष्कळसं श्लोकांत आहे, आणि ते आपण गाण्यांत ठेवलेलं नाही. बोलणी ग्रंथालयातच चालली होती, आणि विभागातली एक विद्यार्थिनी, अश्विनी, अक्कलकोटची, तिथे पुस्तक परत करायला आली होती. तीही मधेच बोलली. तिच्या आजोळी कन्नडमध्ये अशीच तत्त्वपदं म्हणतात, आणि तिला पहिल्यांदा तत्त्वज्ञान शिकावंसं वाटलं ते त्यांच्यामुळे. अध्यक्षांना मधे बोललेलं आवडलं नाही.

पण त्याच सुमारास विद्यापीठाचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती येणार होती. ‘सहा भाषांतला तत्त्वज्ञान संग्रह’ हे शब्द मी मुद्दाम दोनदा उच्चारले. अध्यक्षांनी ते तिसऱ्यांदा स्वतः उच्चारले, आणि मला कळलं की सौदा झाला. तत्त्वज्ञानाच्या दालनात, खिडकीकडचा रॅक. मुक्तद्वार, म्हणजे वाचकाने स्वतः हात घालून पुस्तक काढायचं. वर्गांक तत्त्वज्ञानाचा. मी म्हटलं, मला त्या बाईला जाऊन सांगायचं आहे, नक्की काय सांगू? अध्यक्ष मान्यांच्या देखत म्हणाले, “सांगा, तुमच्या यजमानांची पुस्तकं तत्त्वज्ञानातच राहतील. हा माझा शब्द.”

ते वाक्य मी जसंच्या तसं पूर्व भागात नेलं. नरसव्वाने गठ्ठा माझ्या हातात दिला, कापडासकट.

मूल्यांकनाच्या दिवशी तिला गाडी पाठवून आणलं. शाल, नारळ, रॅकपाशी फोटो. पाहुण्यांपैकी एक बाई हैदराबादकडच्या निघाल्या. त्यांनी नरसव्वाला एक तत्त्व म्हणायला सांगितलं, आणि ग्रंथालयात आवाज करायचा नाही हा नियम असूनही ती म्हणाली. मोठ्या आवाजाची बाई. अभ्यासिकेतली मुलं बाहेर येऊन उभी राहिली. माझ्या आयुष्यात मी पुरवलेल्या पुस्तकांसाठी कुणी असं उभं राहिल्याचं पाहिलं नव्हतं. विद्यापीठाला वरची श्रेणी मिळाली, वर्तमानपत्रात फोटो आला. आमच्या ह्यांनी तो कापून दुकानात लावला.

पुढचं मला उशिरा कळलं, आणि कळलं ते फार वाईट रीतीने.

एका दुपारी नरसव्वा माझ्या दुकानात आली. बरोबर कुणी नव्हतं. मी खुर्ची दिली तर बसली नाही. ती दिराला घेऊन विद्यापीठात गेली होती. दिराचं वय झालं आहे, गुडघे दुखतात, तरी तिने त्याला बसमध्ये चढवून नेलं होतं. का, ते तिने सांगायची गरज नव्हती. खिडकीकडच्या रॅकवर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं होती. तिने सगळं दालन हिंडून बघितलं. मग एका कर्मचाऱ्याने सांगितलं, ती तेलुगू गाण्यांची पुस्तकं ना, ती दुर्मिळ विभागात गेली, तिथं जायला परवानगी लागते.

“गाण्यांची बोलला त्यो,” नरसव्वा म्हणाली. “दीर बाजूलाच होता.”

“दीर काय म्हणाला?”

“कायच नाय. माझा हात धरून खाली आणला. हसला असता तर बरं झालं असतं.”

मग तिने मला विचारलं, आणि आवाज अजिबात चढवला नाही, “बाई, तत्त्वज्ञानात राहतील, ते तुमी बोलला होता, का ते साहेब बोलले होते?”

मी गल्ला ह्यांच्यावर सोपवला. मी तशीच विद्यापीठात गेले. अध्यक्षांनी मला चहा मागवला. म्हणाले, ‘दुर्मिळ’ हा तर सन्मान आहे, इतर पुस्तकं वाटेल त्याच्या हाती पडतात, ही आम्ही जपून ठेवली. मी वर येताना यादी बघितली होती, तिच्यात वर्गांकही लोकगीतांचा झाला होता; तो का बदलला ते विचारलं. तर म्हणाले, दुर्मिळ विभागाची मांडणी वेगळी, तिथे ती लोकगीतांतच बसतात. माने त्या वेळी आजारी रजेवर होते आणि त्यांच्या मागे हे सगळं झालं होतं. मी शब्दाची आठवण करून दिली. तेव्हा अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला.

“बाई, तुम्ही पुरवठादार. पुस्तकं पोचली, तुमचा विषय संपला.”

मी त्यानंतर जे बोलले ते छापण्यासारखं नाही. मोहोळच्या बाजारात वापरतात ती भाषा. शिपाई दारात येऊन उभा राहिला, पण त्याने मला बाहेर काढलं नाही. जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “बाई, लई दिवसांनी ऐकायला बरं वाटलं.”

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की हरल्याची कहाणी आहे. तशी ती नाही, म्हणून तर लिहायला बसले. प्राध्यापकांची पुस्तकं रॅकवर आहेत आणि वाचली जातात, हे मी स्वतः जाऊन बघते. पुस्तक वाचलं गेलं की त्याचा कणा सैल होतो, मला हात लावला की कळतं. एक एसटीचे निवृत्त वाहक नियमाने येतात आणि उर्दू कपाटापाशी बसतात. त्यांच्याशी वाद घालायला विद्यार्थी येतात. ज्या विभागात फलकाशिवाय काही नव्हतं, तिथे यंदा बसायला खुर्च्या कमी पडल्या. असा संग्रह या जिल्ह्यात दुसरा नाही, आणि तो मी उभा केला, मान्यांच्या मदतीने. हे मी लाजून सांगणार नाही.

आणि अश्विनी आहे. तिने पीएच.डी.साठी विषय दिला आहे, तेलुगू आणि कन्नड तत्त्वांमधला ‘मी’चा विचार. विषय तत्त्वज्ञान विभागाकडे गेला, लोकसाहित्याकडे नाही, आणि मंजूर झाला. तेलुगू लिपी शिकायला ती दर रविवारी नरसव्वाच्या पडवीत जाते. नरसव्वा तिला अक्षरं शिकवते आणि बदल्यात विड्यांची पानं कापून घेते. मधे मी गेले तर दीरही तिथे बसलेला. अश्विनी एका ओळीवर अडली तेव्हा त्याने खाली बघत पुढची ओळ सांगितली. नरसव्वाने त्याच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे मात्र बघितलं.

माने रजेवरून परत आले आहेत. त्यांनी समितीपुढे वर्गांक पूर्ववत करण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. ज्या विषयावर विद्यापीठ पदवी द्यायला निघालं आहे, तो तत्त्वज्ञानाचा विषयच नाही असं त्याच विद्यापीठाच्या कपाटाने म्हणावं का, असा त्यांचा एवढाच प्रश्न आहे, आणि तो त्यांनी नेहमीसारखा हळू आवाजात विचारला आहे. पुस्तकं परत रॅकवर येतील, याची मला खात्री वाटते. आज नाही तर उद्या.

पण पुस्तकं परत आली म्हणजे हिशेब मिटला असं अध्यक्षांनी समजू नये. रॅक भरणं वेगळं आणि शब्द मोडला त्याचं उत्तर देणं वेगळं. शब्द तुम्ही दिलात साहेब, मी फक्त पोचवला. मला तुमचा चहा नको आणि खुलाशाचा कागद नको. पूर्व भागातली वाट मी दाखवते. पडवीत खाली बसा, दिराला शेजारी बसू द्या, आणि नरसव्वाला तुमच्या तोंडाने सांगा, की ते वाक्य कुणाचं होतं आणि ते तुम्ही का मोडलंत. ती मराठी चांगलं समजते. उत्तर मिळेपर्यंत मी दर सोमवारी तुमच्या दारात येणार आहे, आणि शिपाई मला अडवणार नाही.